दारावरच्या दगडातली राणी

लंडनहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंस? उत्तर देताना मला जरा अवघडायला होतं. नदीकाठचा तो प्रसिद्ध आकाशपाळणा बसमधून ओझरता दिसला. राजवाड्यापर्यंत मी गेलेच नाही. चार दिवसांत नीट पाहिले ते दोन दगड. एक बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा, मेक्सिकोतल्या जंगलातून आणून तिथल्या संग्रहालयात लावलेला. दुसरा नागपूरचा, लंडनच्याच इल्फर्ड भागातल्या एका घरामागे कुंडीखाली पडलेला. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी या दोन दगडांबद्दलच लिहिते. बाकी लंडनबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले लोक पुष्कळ आहेत.

गुरुवार, इल्फर्ड

मी मूळची बार्शीची. पुण्यात प्राचीन इतिहास घेऊन एम.ए. करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. लंडनच्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांची एक परिषद होती आणि तिथे माझा निबंध निवडला गेला होता. विषय होता, प्राचीन माया लोकांच्या कलेत स्त्रियांचं स्थान कसं दिसतं. माया म्हणजे मध्य अमेरिकेतले, जंगलात पिरॅमिड आणि दगडी शहरं उभारणारे लोक. पुण्यात बसून माया का, असं मलाही पुष्कळांनी विचारलं. खरं कारण साधं आहे. पहिल्या वर्षी ग्रंथालयात एका जाड पुस्तकात त्यांच्या एका शिल्पाचा फोटो पाहिला आणि तो डोक्यातून गेला नाही.

त्या फोटोत एक राजा हातात पेटती मशाल घेऊन उभा आहे. त्याच्यासमोर राणी गुडघे टेकून बसली आहे. तिने स्वतःच्या जिभेतून काट्यांची दोरी ओवून घेतली आहे आणि दोन्ही हातांनी ती ओढते आहे. रक्त खाली टोपलीतल्या कागदांवर पडतं आहे. देवांना आणि पूर्वजांना रक्त देण्याचा तो विधी. या एका शिल्पावर मी पूर्ण निबंध उभा केला होता. राजा उभा, राणी गुडघ्यांवर, म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रीचंही स्थान खालचंच. नाव दिलं होतं, ‘गुडघे टेकलेली राणी’. आमच्या सरांना ते फार आवडलं. “एक मुद्दा, स्वच्छ मांडलेला. असंच लिहावं,” असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते. पुढे पीएच.डी.ला शिफारसपत्र तेच देणार होते.

राहायची सोय नंदामावशींकडे होती. त्या माझ्या मैत्रिणीची मावशी. मूळ नागपूरच्या, पंचवीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून तिकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. काका आता नाहीत. दारातच त्यांनी “जय भीम, ये गं,” म्हणून माझी बॅग ओढून घेतली.

“कॉन्फरन्स सॅटरडेला ना? मग उद्या प्राची तुला म्युझियमला घेऊन जाईल. तिचं वर्क फ्रॉम होम आहे. म्हणजे वर्क कमी, होम जास्त.”

“मम्मी, मी इथेच बसलोय हं,” आतून आवाज आला.

“बसलेय म्हण. मुलगा आहेस का तू?”

प्राची त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. मेडनहेडला एका कंपनीत आहे. जन्म तिथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग आपल्या मर्जीने येतात-जातात. पण बोलायला तिला संकोच नाही. पाच मिनिटांत आम्ही अगं-तुगं करायला लागलो.

इल्फर्डच्या रस्त्यावर मला परदेशी आल्यासारखं फारसं वाटलं नाही. कोथिंबिरीच्या जुड्या, कारली, शेवग्याच्या शेंगा, सगळं दुकानाबाहेर मांडलेलं. फरक एवढाच की भाजी घेताना कुणी घासाघीस करत नव्हतं आणि माझ्या पायावर ज्याचा पाय पडला त्याच्याआधी मीच ‘सॉरी’ म्हणाले. स्वयंपाकघराचा एक नियम मात्र नवा होता. मिरच्या भाजायच्या आधी मावशी मधलं दार लावतात, मागचं उघडतात आणि छतावरच्या धुराच्या अलार्मखाली कुणाला तरी टॉवेल घेऊन उभं करतात. त्या दिवशी ती ड्यूटी माझ्याकडे आली. मी मन लावून टॉवेल हलवला, तरी अलार्म वाजलाच. “पहिल्या दिवशी सगळ्यांचा वाजतो,” मावशी म्हणाल्या.

ठेचा मिक्सरमधला होता. मी चांगला झालाय म्हटलं, तर मावशींनी मान हलवली आणि मला मागच्या छोट्या बागेत नेलं. तिथे जेरेनियमच्या कुंडीखाली एक काळा पाटा होता.

“नागपूरहून बॅगेत घालून आणला. एअरपोर्टवर ऑफिसर विचारतो, मॅडम, हा दगड आहे का? मी म्हटलं, नो, किचन! दहा वर्षं वापरला. मग झाला गुळगुळीत. खोबरं नुसतं इकडून तिकडे सरकायचं. इथे टाकी लावणारी कुठून आणू?”

मी पाट्यावरून हात फिरवला. खरंच काचेसारखा झाला होता. मी म्हणाले, “हो ना.” एवढंच म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई टाकी लावणारी आहे. आम्ही पाथरवट. पिशवीत टाकी-हातोडा घेऊन ती गल्लीगल्लीतून “पाटा-जात्याला टाकीऽऽ” असं ओरडत फिरते. कुणी बोलावलं की ओट्याखाली बसून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकीने बारीक बारीक खाचा पाडून देते, म्हणजे त्यावर पुन्हा वाटण होतं. आता मिक्सर आले, काम कमी झालं, तरी ती फिरते. मीही आठवीपर्यंत सुट्टीत तिच्याबरोबर फिरले आहे, दगडावर हातही चालवला आहे. परिषदेच्या अर्जात स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. त्यात मी लिहिलं, ‘कुटुंब बांधकाम क्षेत्रात’. ते अगदीच खोटं नव्हतं, वडील बांधकामावर जातात. पण लिहिताना माझं मला कळत होतं मी काय झाकते आहे. त्या दिवशी बागेतही मी तेच केलं.

शुक्रवार, संग्रहालयात

संग्रहालय फुकट असतं यावर माझा आत जाईपर्यंत विश्वास नव्हता. मी दोनदा प्राचीला विचारलं. “चल गं, हे लोक फक्त बाथरूमसाठी पैसे घेतात,” ती म्हणाली.

माया दालनात उजेड कमी होता. भिंतीवर ते शिल्प दिसलं आणि मी थांबलेच. पुस्तकात ते तळहाताएवढं होतं, इथे माझ्या छातीपर्यंत येईल एवढं. राणीच्या अंगातल्या सैल झग्यावर चौकटींची नक्षी, प्रत्येक चौकटीत वेगळी बारीक गुंफण, खाली गोंड्यांची झालर. गळ्यात हिरव्या मण्यांचा रुंद पट्टा असावा असं कोरलेलं. काही ठिकाणी खोलगट भागात निळा, लाल रंग अजून चिकटून होता. पूर्वी हे सगळं रंगवलेलं होतं, हे मी वाचलं होतं, पण विसरले होते.

मग मी बाजूची पाटी वाचली. हा दगड भिंतीवरचा नव्हता. तो दाराच्या माथ्यावरचा होता, दोन बाजूंच्या भिंतींवर आडवा ठेवलेला. आणि हे कोरीवकाम त्या दगडाच्या खालच्या अंगाला होतं. माझ्या निबंधात तीन वेळा ‘भिंतीवरील शिल्प’ असं लिहिलं होतं. पुस्तकात ‘लिंटेल’, म्हणजे दारावरचा आडवा दगड, हा शब्द होताच. मी तो वाचून पुढे गेले होते. पाथरवटाच्या मुलीने.

“काय झालं?” प्राचीने विचारलं.

“मी हे चुकीचं बघितलं.”

“म्हणजे किती चुकीचं? स्पेलिंगएवढं की पूर्ण?”

“माहीत नाही.”

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. का लावला हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. दगडाचं काही अडलं की तिला विचारायचं, ही लहानपणीची सवय असेल. तिकडे दुपारचे चार वाजले होते. आई कुणाच्या तरी ओट्याखाली बसली होती. उजवा गुडघा जमिनीला टेकवलेला, डावा पाय पुढे, पावलाने पाटा दाबून धरलेला. तिची कामाची बैठक तीच.

“जेवलीस का गं?” आई ओरडली. दालनभर आवाज घुमला.

“आई, हळू बोल.”

“लांब हायस ना, मग? ऐकू नको का यायला?”

पहारेकरी आमच्याकडे बघायला लागला. प्राची त्याच्याजवळ जाऊन गोड हसत काहीतरी बोलली. मी आवाज कमी केला आणि फोन दगडाकडे वळवला.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, “चुनखडी हाय का?”

“हो, चुनखडीच.”

“तरीच. आपल्या काळ्या दगडात इतकं बारीक निघत न्हाई. जवळ ने. त्या बाईच्या लुगड्याकडं ने.”

“लुगडं नाही आई, तो त्यांचा...”

“जे आसंल ते. अंगावरचं. आगं बग की, एकेक चौकट घडवलीय. निस्त्या ह्या कापडाला म्हैना गेला आसंल. आता त्या बाप्याकडं ने. हां. ह्याचं बी चांगलंय, पर हिच्याइतकं न्हाई. कारागीर जास्ती दिस हिच्यापाशी बसलाय.”

“तो राजा आहे आई. ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलीय.”

“मग?”

“म्हणजे तो वरचा, ती खालची.”

“कुणी सांगितलं?”

मीच सांगितलं होतं, बावीस पानांत.

“म्या आत्ता कशी बसलीय?” आईने विचारलं.

“तू कामाला बसलीयस.”

“मग ती काय वाऱ्याला बसलीय? जिभंतनं दोरी वडतीय, बाई गं. काम तिचं चाललंय. ह्यो निस्ता टेंभा धरून हुबा. तुझ्या मामाच्या वरातीत बत्ती कुणाच्या डोक्यावर हुती?”

“तुझ्या.”

“मग? नवरी म्या हुते का?”

प्राचीला सगळं कळलं नसावं, पण एवढं कळलं. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मीही हसले. मग आईने तो प्रश्न विचारला, जो मी दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

“ह्यो दगड लावला कुटं हुता?”

“दाराच्या वर. नक्षी खालच्या बाजूला.”

“खालनं? मग भाईरनं कुणाला दिसणार न्हाई. दारात येऊन मान वर केली तरच दिसंल. घर कुणाचं हुतं ते?”

मी पुन्हा पाटी वाचली. शेजारी तिचाच दुसरा दगड होता. त्यात राणी एकटीच आहे, हातात वाडगं, समोर उठलेला प्रचंड नाग आणि त्याच्या जबड्यातून बाहेर येणारा भालाईत. तिथे राजा नाहीच. दोन्ही दगड एकाच इमारतीतले. आणि त्या इमारतीच्या दगडांवरच्या लेखांवरून अभ्यासक म्हणतात की ती वास्तू राणीची होती. तिचं नाव तिथे कोरलेलं आहे.

“राणीचं होतं,” मी म्हणाले.

“थांब थांब,” प्राची म्हणाली, “म्हणजे ती त्याच्या समोर नाही बसली. तो तिच्या घरी आलाय?”

“आन् आत जाताना तिच्याच खालनं जायचा की राजा,” फोनमधून आई म्हणाली. “बरं, ठिवते. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

फोन बंद झाल्यावर मी दोन्ही दगडांचे फोटो काढले. निघताना प्राचीने मला एका काचेच्या पेटीकडे ओढलं. आत तळहाताएवढी मातीची बाई होती. गुडघ्यांवर बसून दगडावर मका वाटत होती. पाठीवर मूल. पाटीवर फक्त लिहिलं होतं, ‘दळणारी स्त्री’. नाव नाही. तिच्या हाताखालचा दगड इतका ओळखीचा होता की मला एकदम घरी जावंसं वाटलं.

संध्याकाळी मी सरांना मेसेज केला. निबंधाचा निष्कर्ष चुकला आहे असं वाटतं, बदलू का? उत्तर लगेच आलं. ‘आयत्या वेळी बदल नको. शीर्षक छापून झाले आहे. आहे ते आत्मविश्वासाने वाच.’

मी लॅपटॉप उघडून बसले. जुना निबंध वाचला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. वीस मिनिटं, टाळ्या, प्रमाणपत्र. नवीन सांगायचं तर सगळ्यांसमोर म्हणावं लागणार होतं की मी चुकले, आणि सरांचं न ऐकल्याचं पुण्यात कळणारच होतं. माझ्यासारखीला शिफारसपत्राशिवाय पुढचं दार नाही, हे मला माहीत होतं. मावशी ड्यूटीवरून आल्या, वरण-भाताचं ताट समोर ठेवलं आणि विचारलं, “एवढं काय टेन्शन?” मी सांगितलं. आई कोण आहे ते सोडून सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “आमच्याकडे वॉर्डात चुकीचं औषध लिहिलेलं दिसलं की आम्ही डॉक्टरला सांगतो. त्याला राग येतो. पेशंट मात्र वाचतो.” मग ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “जेव आधी.”

शनिवार, परिषदेत

वर्गाएवढी खोली होती, तीसेक माणसं. अध्यक्ष एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी माझी ओळख वाचून दाखवली, त्यात माझ्या त्या दोन ओळीही. ‘कुटुंब बांधकाम क्षेत्रात’ ऐकून पुढच्या रांगेतल्या एकाने कौतुकाने मान हलवली. त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठमोठ्या इमारती आल्या असतील.

मी उभी राहिले. पडद्यावर शीर्षक होतं, ‘गुडघे टेकलेली राणी’. माझं इंग्रजी तसं बरं आहे, पण पहिलं वाक्य बोलायला मला फार वेळ लागला. मी म्हणाले, “हे शीर्षक चुकीचं आहे. मला ते काल कळलं.”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

मी फोटो दाखवला आणि तोच फोटो आडवा करून, खालून वर बघितल्यासारखा दाखवला. मी सांगितलं की मी उंचीवरून मान ठरवला होता. पण दगडावर सगळ्यात जास्त श्रम राणीच्या कापडावर झाले आहेत. विधी ती करते आहे, राजा उजेड धरून आहे. आमच्याकडे मिरवणुकीत उजेड धरणारा मोठा नसतो. त्यांच्याकडे कसं होतं ते मला ठाऊक नाही, म्हणून या मुद्द्यावर मी जोर देणार नाही. पण घर तिचं होतं आणि दारातून जाणारा प्रत्येक जण तिच्या खालून जात होता, एवढं नक्की. शेवटी मी मातीच्या बाईचा फोटो दाखवला. एका राणीला मान होता म्हणून वाटण वाटणारीलाही होता असं म्हणता येणार नाही. कलेत राणीचं नाव आहे. हिचं फक्त काम आहे. हिचं स्थान काय होतं, ते मला अजून माहीत नाही.

वीस मिनिटांऐवजी बारा मिनिटांत संपलं. टाळ्या वाजल्या, पण जरा विचार करून वाजवल्यासारख्या. मग मागून एका मुलीने हात वर केला. ती ग्वाटेमालाची होती, मार्ता नावाची, स्वतः माया. हे लिहिताना मला लाज वाटते, पण दोन वर्षं माया लोकांबद्दल वाचूनही, ते आज जिवंत आहेत, त्यांच्यापैकी कुणी माझ्यासमोर बसलेलं असू शकतं, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

तिने विचारलं, “श्रम कुठे झालेत ते बघायचं, दगड कुठे लावला होता ते विचारायचं, हे तू कुठे शिकलीस? कुठल्या पुस्तकात आहे?”

मी अध्यक्षांच्या हातातल्या त्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, “पुस्तकात नाही. माझी आई वाटायच्या दगडांना टाकी लावते. दारोदार फिरून. काल तिने फोनवरून सांगितलं. तुम्ही वाचलेल्या ओळीत ते नाही, कारण मी लिहिलं नव्हतं.”

मार्ता उभीच राहिली. “माझ्या आजीकडे असा दगड आहे,” ती म्हणाली, “तीन पायांचा. तो गुळगुळीत झाला की गावातला एक म्हातारा येऊन टोचून द्यायचा. आता तो नाही. आजी रोज त्याच्या नावाने बोटं मोडते, मेला तर मेला, कुणाला शिकवून का नाही मेला.”

सगळे हसले. मीही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी गार सँडविच घेऊन पायरीवर बसलो. आत काकडीच्या पातळ चकत्या होत्या, दुसरं काही नाही. मार्ताने तिच्या आजीचा दगड फोनवर दाखवला, मी आईचा. मग तिने राणीच्या झग्यावरची नक्षी मोठी करून सांगितलं, यातल्या काही चौकटी आजी अजून मागावर विणते. मी निबंधात त्या कापडाबद्दल एक ओळ लिहिली होती. एकच.

रविवार, पुन्हा इल्फर्ड

विमान संध्याकाळी होतं. सकाळी मी मावशींना म्हणाले, “मावशी, काकांच्या हत्यारांत छिन्नी आहे का?”

“कशाला?”

“पाट्याला टाकी लावून देते. माझी आई हेच काम करते. मलाही थोडं येतं. गुरुवारी सांगितलं नाही.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग त्या सरळ जिन्याखालच्या कपाटात शिरल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. आत एक हातोडा आणि जाड छिन्नी होती. टाकीसारखं टोक नव्हतं, पण कोपऱ्याने काम भागणार होतं. प्राचीने कुठून तरी प्लॅस्टिकचा गॉगल आणला. “हेल्थ अँड सेफ्टी,” ती म्हणाली आणि तो मला घालूनच सोडला.

मी कुंडी बाजूला केली. पाट्याखालून दोन गोगलगायी निघाल्या. दगड धुतला.

“खाली नको बसू, गवत ओलं आहे,” मावशी म्हणाल्या. “टेबल आणते. टेबलावर घे.”

“टेबलावर टाकी बसत नाही मावशी. दगड पायाने धरावा लागतो.”

आईला फोन लावून कुंडीला टेकवून ठेवला. “छिन्नी वाकडी धरलीस,” तिचं पहिलं वाक्य. “मनगट ढिलं सोड. हातोडा जड हाय, हळू घे. वळीत चल, वळीत.”

दहा-बारा घाव झाले असतील, तोच शेजारच्या कुंपणावर एक टक्कल असलेलं डोकं आलं. रविवारी सकाळी हा आवाज कसला, असं त्या आजोबांनी अगदी नम्रपणे विचारलं. इंग्रज माणूस रागावला की जास्त नम्र होतो, असं प्राचीने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मावशी म्हणाल्या, “किचन रिपेअर, जॉर्ज. फक्त अर्धा तास. चटणी देते.”

“तिखटवाली?” त्यांनी विचारलं.

“तिखटवाली.”

डोकं खाली गेलं.

अर्ध्या तासाऐवजी तास लागला. तळहाताला फोड आला. खाचा आईसारख्या सरळ नाहीत, मधे एक ओळ चक्क चुकली आहे. पण हात फिरवला तर पाटा पुन्हा खरखरीत लागत होता. आईने सांगितल्याप्रमाणे आधी मूठभर तांदूळ वाटून ते फेकून दिले, म्हणजे दगडाची कच निघून जाते. मग मावशींनी मिरच्या, लसूण, मीठ आणून ठेवलं. त्या स्वतः वाटायला बसल्या नाहीत. पहिलं वाटण मला करायला लावलं आणि दारातून बघत राहिल्या.

सर अजून थोडे नाराज आहेत. शिफारसपत्राचं त्यांनी ‘बघू’ म्हटलं आहे. मी निबंध पहिल्यापासून लिहायला घेतला आहे. या वेळी तो मातीच्या बाईपासून सुरू होतो आणि राणी नंतर येते. पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. पण लंडन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती रविवारची सकाळ येते. ओल्या गवतावर मी बसले आहे, डावा पाय दगडावर, गॉगल घसरून नाकावर आलेला. आणि फोनमधून आई प्राचीला सांगते आहे, “आगं, फोटो काढतीस तर नीट काढ. गुडघा टेकलेला दिसू दे. त्याबिगर काम दिसत न्हाई.”